बर्फाच्या काठावरची सायकल

मी सायकल बोलतेय. लोखंडाची, वजनानं भरभक्कम आणि तोंडानं जरा फटकळ. हल्लीच्या सायकली म्हणे दोन बोटांवर उचलता येतात. येत असतील. सायकल उचलून न्यावी लागते म्हणजे ती चालत नसणार, असं माझं आपलं साधं मत.

माझं माहेर ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरातलं आणि सासर पूर्व टिरोलच्या डोंगरातलं. कारखान्यातून थेट आले ती गावच्या पाद्रीबाबांकडे. देवमाणूस, पण अंगानं जड. चढ आला की खाली उतरायचे आणि मला ढकलायचे. ढकलताना त्यांच्या तोंडून जे शब्द बाहेर पडत, ते पाप म्हणून कबूल करायला दर शनिवारी शेजारच्या गावच्या पाद्रीबाबांकडे जायचे. जायचे माझ्यावरूनच, आणि परतीचा रस्ता सगळा चढाचा. त्यामुळे घरी पोचेपर्यंत पुढच्या शनिवारची सोय झालेली असायची.

त्यांच्यानंतर मला फाल्टिन सुतारानं घेतलं. त्याला मुळात सायकलीचं वेड नव्हतंच, वेड होतं डोंगराचं. त्यानं माझ्या अंगाला दोन लोखंडी आकडे जोडले, स्की अडकवायला. वसंतात आमच्याकडे खाली कुरणं हिरवी होतात, पण वर बर्फ असतो. मग लोक पहाटे सायकलीवर स्की लादून जंगलातल्या रस्त्यानं बर्फ सुरू होतो तिथवर जातात. तिथं सायकल झाडाला टेकवायची, स्कीच्या तळाला मागे न घसरणाऱ्या केसाळ पट्ट्या चिकटवायच्या आणि पायीपायी शिखर गाठायचं. वर पट्ट्या सोलून काढायच्या, घसरत सायकलीपाशी यायचं आणि जेवायला घरी. सगळे शिखर गाठतात. मी गाठते झाड! गाइसनॉकचं शिखर मी आजवर फक्त लोकांच्या तोंडून पाहिलंय.

बर्फाच्या काठावर उभ्या राहणाऱ्या आम्हा सायकलींना कुणी कुलूप लावत नाही. आमच्या खोऱ्यात रीतच आहे तशी. दुसऱ्याच्या सायकलीला हात लावायचा नाही, ती पडली असली तरी नाही. आणि देवळातली संध्याकाळची घंटा झाल्यावरही एखादी सायकल झाडापाशी दिसली, तर दिसेल त्यानं बचाव पथकाच्या प्रमुखाला कळवायचं. सायकल आहे म्हणजे माणूस अजून वर आहे, हा साधा हिशोब. या हिशोबानं पुष्कळ जीव वाचलेत, तेव्हा हसू नका.

फाल्टिन गेला तो मात्र डोंगरावर नाही, घरी, अंथरुणात, झोपेत. मागे राहिली त्याची बायको बुर्गी. तिचं सगळं आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांसाठी हंडे ढवळण्यात गेलेलं. दंड असे मजबूत की हँडल धरलं की मलाच जरा भीती वाटायची. नवऱ्याच्या माघारी तिनं पहिल्याच वसंतात मला बाहेर काढलं, तेल घातलं आणि म्हणाली, "चल गं. घरात जीव गुदमरतो." मीही म्हटलं, चल बाई. मलाही पडवीत गंजायचं नव्हतं.

बुर्गीचा एकुलता एक मुलगा कास्पर. तोच आमच्या बचाव पथकाचा प्रमुख. आता बचाव पथकाच्या प्रमुखाच्या आईनं कसं वागावं? निदान हरवू नये. पण बुर्गी एकाच हिवाळ्यात दोनदा हरवली. पहिल्यांदा धुकं पडलं, तर ही गवत साठवायच्या झोपडीत जाऊन बसली. बारा माणसं आणि एक कुत्रा तिला शोधत फिरत होते, आणि सापडली तेव्हा बाई धुरावलेलं मांस कापून खात होत्या. वर त्यांनाच म्हणाली, "येताना पाव नाही का आणलात?" दुसऱ्यांदा एक स्की निसटून दरीत गेली. ही एका पायाच्या स्कीवर फरफटत कुणाच्या तरी गोठ्यात पोचली आणि तिथं पत्ते खेळत बसली. जिंकत होती म्हणून उठली नाही, एवढंच तिचं म्हणणं.

त्या रात्री स्वयंपाकघराची खिडकी उघडी होती आणि मी खालीच पडवीत होते, त्यामुळे सगळं ऐकलं.

"आई, बास झालं," कास्पर म्हणाला. "आणखी एकदा जरी तुझ्यापायी माणसं बाहेर काढावी लागली, तर तुझ्या स्की माझ्या गोठ्याच्या माळ्यावर जाणार. कायमच्या."

"म्हणजे मी काय घरात बसून मोजे विणू?"

"वीण. मला हवेच आहेत. दे हात."

बुर्गीनं वचनाचा हात दिला. आमच्याकडे हात दिला म्हणजे दिला. त्यापुढे वकीलसुद्धा काही बोलत नाहीत.

कास्परचं तेवढ्यावर भागलं नाही. त्यानं आईच्या फोनमध्ये काहीतरी करून ठेवलं, आणि आई कुठे आहे ते त्याला घरबसल्या नकाशावर निळ्या ठिपक्यासारखं दिसायला लागलं. उंटावरून शेळ्या हाकण्याचाच प्रकार. पण बुर्गीही काही कालची नव्हे. दुसऱ्याच दिवशी तिनं तो फोन माझ्या मागच्या पिशवीत टाकला आणि स्की खांद्यावर घेऊन चालायला लागली. कास्परला दिवसभर काय दिसायचं, तर आई लार्चच्या झाडाखाली बसलीय! पठ्ठ्या गावभर सांगत सुटला, "आईला आता समज आलीय. वर जात नाही. झाडाखाली उन्हात बसते."

लोक माना डोलवायचे. सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्याला सांगायची कोणाची छाती होत नव्हती.

आणि मग तो एप्रिलमधला शनिवार उजाडला.

आम्ही दोघी तिसऱ्या वळणापर्यंत गेलो. बुर्गीनं मला लार्चला टेकवलं, फोन पिशवीत टाकला, माझ्या सीटवर थाप मारली आणि गेली. पुढचं मी नंतर ऐकलं, पण इतक्यांदा ऐकलंय की डोळ्यांनी पाहिल्यासारखं वाटतं.

गाइसनॉकची वरची कड म्हणजे देशाची हद्द. अलीकडे आमचा ऑस्ट्रिया, पलीकडे इटली. तिकडचे लोकही आमच्यासारखंच बोलतात आणि आमच्यासारखेच पावाचे गोळे रश्श्यात घालून खातात. फक्त त्यांची कॉफी जास्त चांगली असते, पण हे आमच्या गावात मोठ्यानं कोणी बोलत नाही.

बुर्गी वर पोचली. आमच्या बाजूचा बर्फ दगडासारखा कडक. पलीकडे डोकावून पाहिलं, तर तिकडची उतरण सकाळच्या उन्हात वरून बोटभर मऊ झालेली. असा बर्फ वर्षातून चार दिवस मिळतो, तोही नशीब असेल तर. बुर्गी मनाशी म्हणाली, दोनच वळणं घेते आणि परत चढते. आता मला सांगा, गरम भजी पुढ्यात आल्यावर दोनच खाऊन उठलेलं माणूस तुम्ही पाहिलंय? दोनाची चार झाली, चाराची किती झाली ते तिलाही ठाऊक नाही, आणि बाई थांबली ती एकदम इटलीतल्या एका गोठ्याच्या दाराशी.

तिथं शेण काढत उभी होती मोइडल नावाची शेतकरीण.

"कुठून गं आलीस?" मोइडलनं विचारलं. डोंगरात आमच्याकडे अहो-जाहो करत नाहीत.

"वरून," बुर्गी म्हणाली आणि मागे वळून पाहिलं. तोपर्यंत ऊन तापलेलं. वरचा सगळा बर्फ पिठल्यासारखा झालेला. अशा बर्फात परत चढणं म्हणजे हिमकड्याला अंगावर कोसळ म्हणून हाक मारणं. ती कितीही उनाड असली तरी एवढं तिला पक्कं कळतं. परतायचं तर गाडीरस्त्यानं, सगळ्या डोंगराला वळसा घालून. आणि सायकल पलीकडे झाडाला! घंटेच्या वेळी ती कोणीतरी बघणार, कास्परला कळवणार, बारा माणसं आणि कुत्रा निघणार. मग स्की माळ्यावर.

"अगं बाई," बुर्गी मटकन ओंडक्यावर बसली, "मी मेले!"

"मरायच्या आधी जेवून घे," मोइडल म्हणाली. "मला नाहीतरी एक मेंढा तुमच्या खोऱ्यात पोचवायचाय. दुपारी निघू. पण घंटेच्या आत पोचू असं काही वाटत नाही, माझी गाडी म्हातारी आहे."

मोइडलच्या भिंतीवर फोन होता. बुर्गीला तोंडपाठ एकच नंबर होता, तिची शेजारीण त्सेंत्सी हिचा. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या, तेव्हापासून एकमेकींची पापं झाकत आलेल्या.

"त्सेंत्सी, ऐक. वर जा, तिसऱ्या वळणापाशी माझी सायकल आहे ती घरी आण. घंटेच्या आत."

"दुसऱ्याच्या सायकलीला हात लावू? वेड लागलंय का तुला?"

"माझी आहे, मीच सांगतेय."

"तू आहेस कुठे?"

"इटलीत."

त्सेंत्सीनं म्हणे आधी खुर्ची ओढून घेतली. मग विचारलं, "कॉफी प्यायलीस?"

तर अशा रीतीनं दुपार कलल्यावर त्सेंत्सी काठी टेकत, धापा टाकत माझ्यापाशी आली. मला पाहून तिनं कमरेवर हात ठेवले.

"हे बघ," ती मला म्हणाली, "माझी आणि तुझी काही ओळख नाही. मी तुला गुपचूप हातानं धरून नेणार. नाटकं करायची नाहीत."

मी कशाला नाटकं करू? पण परक्या हाताची मला सवय नाही, अंगावर शहारा आला. थोडा वेळ ती मला धरून चालली. मग गुडघे बोलायला लागले. मग थांबली, मागेपुढे बघितलं, आणि चक्क माझ्यावर बसली!

लहानपणी शिकलेली सायकल माणूस विसरत नाही म्हणतात. विसरत नाही, पण ब्रेक कुठल्या बाजूला असतो ते विसरतं. त्यातून माझा ब्रेक म्हणजे पेडल उलटं फिरवायचं, आणि ते तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. सुटलो की आम्ही दोघी! "हळू गं, हळू गं भवाने!" ती ओरडत होती, जसं काही मीच पळवत होते. पहिलं वळण साधलं. दुसरं साधलं. कशी, ते देवाला ठाऊक.

इकडे गावात कास्परनं सहज नकाशा उघडला होता. निळा ठिपका झाडाखालून निघालेला, घरी येतोय. बरं वाटलं बिचाऱ्याला. मग त्याच्या लक्षात आलं की ठिपका फारच वेगानं येतोय. आईनं जन्मात कधी एवढा वेग धरला नव्हता. त्यानं काळजीनं फोन लावला.

फोन कुठे वाजला? माझ्या पिशवीत, त्सेंत्सीच्या बरोबर पाठीमागे. ती दचकली, कोण आलं म्हणून मान मागे वळवली, आणि आम्ही दोघी रस्ता सोडून ओढ्यात! पाणी गुडघाभर आणि वितळलेल्या बर्फाचं. माझं पुढचं चाक वाकलं, तिची टोपी वाहून गेली. तिला खरचटलंसुद्धा नाही, पण तोंडातून जे निघालं ते ऐकून मला पाद्रीबाबांची आठवण झाली.

कास्परला काय दिसलं? आई वेगात आली, रस्ता सोडून ओढ्यात गेली आणि थांबली. फोन उचलत नाही. त्यानं भोंगा वाजवला. जे होऊ नये म्हणून बुर्गीनं एवढा खटाटोप केला, तेच झालं. बारा माणसं, एक कुत्रा, स्ट्रेचर, दोर, सगळं निघालं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय?

सगळ्यांच्या पुढे कास्पर धावत होता. त्याचं तोंड मी पाहिलं. इतक्या लोकांना खाली आणणारा माणूस, पण त्याचे ओठ पांढरे पडले होते. पाण्यात पाठमोरी बाई बसलेली दिसली आणि तो घसरत काठावरून खाली आला. "आई! आई गं!" म्हणत त्यानं मागून तिला गच्च मिठी मारली.

"मी तुझी आई नाही रे," त्सेंत्सी म्हणाली. "पण आता धरलंच आहेस तर उचल."

कास्पर बघतच राहिला. "त्सेंत्सी मावशी? तू? मग आई कुठाय?"

"घरी असेल. सफरचंदाचं स्ट्रूडल करतेय."

"आणि तिची सायकल तुझ्याखाली कशी?"

"ती मला आवडली," त्सेंत्सी म्हणाली. ओढ्यात बसून खोटं बोलायचं तर याहून बरं काय सुचणार?

कास्पर पुढे काही विचारणार, तेवढ्यात रस्त्यावर एक म्हातारी गाडी ठकठकत आली. मागे जाळीची गाडी जोडलेली, तीत एक मेंढा. आणि मेंढ्याच्या शेजारी गवतावर बसलेली, मांडीवर स्की आडव्या धरलेली, आमची बुर्गी. पुढच्या सीटवर मोइडलचा कुत्रा होता, तो म्हणे कोणासाठी उठत नाही.

गर्दी बघून मोइडलनं गाडी थांबवली. "काय झालं हो? कोणी हरवलंय का?"

मेंढा तेवढा ओरडला.

"तुमच्या या बाईनं काय वळणं घेतली म्हणून सांगू," मोइडल कौतुकानं बोलत सुटली. "वरपासून माझ्या गोठ्यापर्यंत! या वयात! मी शेणाचं फावडं हातात घेऊन बघतच राहिले."

झाकली मूठ उघडली. कास्पर आईकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, "झाडाखाली बसतेस ना तू?"

बुर्गीनं मान खाली घातली.

पथकातल्या माणसांनी मात्र हसून हसून पोटं धरली. एकजण म्हणाला, "प्रमुख, आपण त्सेंत्सीबाईंसाठी बाहेर पडलो, बुर्गीबाईंसाठी नाही. हात दिलेला मोडला नाही!" बाकीचेही तेच म्हणायला लागले. बुर्गीनं नुसती मान हलवली असती तरी सुटली असती.

पण ती गाडीतून उतरली, कपड्यांवरचं गवत झटकलं आणि म्हणाली, "नाही. माणसं माझ्यापायीच निघाली. हात दिला म्हणजे दिला." आणि खांद्यावर स्की टाकून, बुटांचा ठकठक आवाज करत, तडक कास्परच्या गोठ्याच्या वाटेला लागली.

मला कोणीतरी ओढ्यातून काढून गोठ्यात गाईंच्या शेजारी टेकवून ठेवलं होतं. त्यामुळे पुढचं मी स्वतः पाहिलं. बुर्गीनं स्की कास्परच्या हातात दिल्या. तो शिडीच्या दोन पायऱ्या चढला आणि तिथंच थांबला.

"तू मला फसवलंस, आई."

"हो."

"रात्री-बेरात्री फोन वाजला ना, की पहिली तू दिसतेस मला. दर वेळी. मग पत्ता ऐकतो, दुसऱ्याच कोणाचा असतो, आणि मला बरं वाटतं. दुसऱ्याची आई असेल, पण मला बरं वाटतं. कसला माणूस झालोय मी?"

बुर्गीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं बाहीनं पुसलं. "अरे, मग मलाही सांगायचं होतं की. मी वर जाते कारण खाली सगळीकडे तुझा बाप दिसतो मला, त्याच्या खुर्चीत, त्याच्या हत्यारांपाशी. वर गेलं की तोच बरोबर चालतोय असं वाटतं. घरी बसून मी किती दिवस जगेन, सांग बरं?"

कास्परच्या हातात स्की तशाच होत्या. त्यानं नकळत तळावरून अंगठा फिरवला, चिकटलेले बर्फाचे दाणे निरखले.

"पलीकडचा बर्फ कसा होता?" त्यानं विचारलं.

"राहू दे. ऐकून तुला वाईट वाटेल."

"सांग तरी."

"लोणी."

"खालपर्यंत?"

"अरे, गोठ्याच्या दारापर्यंत! मध्ये एक घळ आहे ना, तिथं तर कोणाची एक रेघसुद्धा नव्हती. सगळी माझी."

कास्पर शिडीच्या पायरीवर खाली बसला. "मी स्वतःसाठी शेवटचं कधी वर गेलो, आठवतच नाही मला," तो म्हणाला. "वर जातो ते कोणाला तरी खाली आणायला."

गाई रवंथ करत होत्या. मग तो उठला, स्की भिंतीला टेकवल्या, माळ्यावर नाहीत, आणि हातोडी घेऊन माझं वाकलेलं चाक सरळ करायला बसला. हात बापाचाच आहे त्याचा, फार दुखलं नाही.

"यापुढे एकटी जायचं नाही," तो चाक ठोकता ठोकता म्हणाला.

"मग कोणाबरोबर जाऊ? त्सेंत्सीबरोबर?"

"दे हात," कास्पर म्हणाला.

ही झाली गेल्या शनिवारची गोष्ट. आज मी चौथ्या वळणावर उभी आहे. आठवड्याभरात बर्फ तेवढा वर सरकला. माझ्या शेजारी कास्परची विजेची सायकल टेकलीय. दिसायला गोरीगोमटी, पण येताना अर्ध्या चढात बॅटरी संपली, तेव्हा कास्परला ढकलावी लागली. मी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

दोघं पहाटे वर गेली. जाताना कास्पर चारचौघांना सांगतो तसं आईला बजावत होता, "वरून फक्त बघायचं पलीकडे. उतरायचं नाही."

"हो बाळा," बुर्गी म्हणाली. तिचा सूर ऐकला आणि मी मनात हसले.

आता ऊन कलंडलंय. खाली देवळात घंटा होऊन गेली, आणि आम्ही दोघी अजून झाडापाशीच. म्हणजे इटलीत एका गोठ्याच्या दाराशी मायलेक बसलीत, पावाचे गोळे खातायत आणि घळीतल्या वळणांवरून भांडतायत. माझी खात्रीच आहे. या वेळी मला वाईट वाटत नाही की मी शिखर पाहिलं नाही. कास्परनं एकदा स्वतःसाठी पाहिलं, ते पुरे आहे मला.

तेव्हा वाटेनं जाणाऱ्या भल्या माणसा, तू थांबलास, दोन्ही सायकली पाहिल्यास, रीत पाळायला फोन बाहेर काढलास, सगळं बरोबर केलंस. पण जरा धीर धर. अंधार पडेपर्यंत मेंढ्याची गाडी येईलच. त्या पोरानं आजवर गावातल्या सगळ्यांना शोधून आणलंय. आज एक दिवस त्याला हरवू दे की रे!